फळीवरचा दुसरा रकाना

कुडाळ,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. मधे तुझे दोन फोन आले, तेही घेतले नाहीत. पहिल्या वेळी मशीन चालू होतं. दुसऱ्या वेळी बंद होतं आणि मी फोनकडे बघत उभा होतो. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी पाठ बरी आहे, बाकी सगळे खुशाल. आता मुद्द्याचं लिहितो. घरात सांगून पाहिलं, तर "मग आधी सुरू करायचं होतंत" एवढंच ऐकायला मिळालं.

गेल्या आठवड्यात पॉलिशच्या डब्यांसाठी फडताळ करायचं म्हणून दारामागची तुझी प्लायची फळी काढली. धूळ पुसली तर तुझं पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं. २०११ पासून २०१४ पर्यंतची सगळी कामं, प्रत्येकासमोर दोन आकडे. एका रकान्यावर "हात", दुसऱ्यावर "दार". तेव्हा मी तुला कारकून म्हणून चिडवायचो. देव्हाऱ्यासमोर लिहिलंयस, हात १५, दार ३३. तिथेच बाकावर बसलो. त्याचं कारण सांगायला जरा मागे जावं लागेल.

गेल्या जूनमध्ये डोंबिवलीहून एक गृहस्थ आले. वरच्या वाडीतलं जुनं घर त्यांनी दुरुस्त करून घेतलंय. त्यांना आठ माणसांचं जेवणाचं टेबल आणि आठ खुर्च्या हव्या होत्या, सगळं भरीव सागवानात, प्लायचा तुकडाही नको. त्यांचे वडील ब्याऐंशीचे, खाली मांडी घालून बसवत नाही. गौरीच्या दिवशी सगळ्यांबरोबर जेवायला बसता यावं एवढीच त्या माणसाची इच्छा. मला विचारलं, "किती दिवस?"

बाळ्या, मी अंदाजपंचे नाही बोललो. आयटीआयत सरांनी घनफूट शिकवलं, फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी भागिले १४४. पण लाकूड मोजून दिवस कळत नाहीत, सांधे मोजावे लागतात, हे मला तू शिकवलंस. तसेच मोजले. टेबलाला सगळे मिळून आठ सांधे. खुर्ची दिसते केवढीशी, पण बैठकीच्या चार पट्ट्यांची आठ टोकं, खालच्या तीन आडव्यांची सहा, पाठीच्या दोन आडव्यांची चार, मधल्या तीन उभ्यांची सहा. एका खुर्चीला चोवीस, आठ खुर्च्यांना एकशे ब्याण्णव! एक कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, आणि त्याचं भोक वीस मिनिटांत धरलं तरी चौसष्ट तास, म्हणजे नुसत्या सांध्यांचे आठ दिवस. शिवाय बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद, त्यामुळे बाजूच्या पट्ट्यांचं कुसू तिरकं. त्याचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, करायचे दोन दिवस वेगळे धरले. रंधा, घासकाम, पॉलिश सगळं धरून बेरीज आली चाळीस. १ जुलैला सुरू, १० ऑगस्टला तयार. गणपती २७ ला. सतरा दिवस हातात. किती निर्धास्त होतो मी!

शेवटची खुर्ची दाराबाहेर गेली २९ सप्टेंबरला. एक्याण्णव दिवस.

आता जे लिहितो त्यासाठीच हे पत्र. दिवाळीनंतर मी हजेरीची वही काढून बसलो आणि एक्याण्णव दिवसांची फोड केली. प्रत्यक्ष हात लागलेले दिवस अडतीस. चाळीस सांगितले होते, अडतीसच लागले! म्हणजे अंदाज चुकला नव्हता. उरलेल्या त्रेपन्नांत एकवीस दिवस लाकडाचे, सरसाचे आणि पॉलिशचे. सतरा दिवस दुसऱ्यांच्या कामात गेले. नऊ दिवस लाइट नाही किंवा पावसात दुकानात पाणी. सहा दिवस सणाचे. मी कामाचे दिवस सांगितले, त्या माणसाने कॅलेंडरचे ऐकले. आणि परवा फळी बघतो तर तुझ्या दोन रकान्यांत नेमकं हेच, हात लागलेले दिवस आणि काम दाराबाहेर जाईपर्यंतचे दिवस. अकरा वर्षं माझ्याच दारामागे टांगलेलं होतं.

सतरा दिवस कसले, हे तुला सांगायला नको. जुलै लागला की गावातलं एकेक दार फुगतं. "अर्ध्या तासाचा काम आसा रे, दार बसत नाय" म्हणून बोलावतात, आणि अर्ध्या तासाच्या कामात चहा, जुन्या खिडकीची तक्रार, पुतण्याच्या नोकरीची चौकशी धरून दुपार होते. तुझ्या मामीच्या न्हाणीघराचं दार आठवतं? दरवर्षी आपण ते पावसात तासायचो, उन्हाळ्यात त्याला फट पडली की मामी पट्टी मारायला बोलवायची आणि पुढच्या पावसात आपण तीच पट्टी तासायचो. ते दार अजून आहे, आता मी एकटा तासतो. नाही म्हणता येत नाही रे. याच लोकांनी आपल्याला दुकान टाकताना उधारीवर पत्रे दिले.

एकवीस दिवसांबद्दल मात्र माझं मलाच वाईट वाटतं, कारण ते मला माहीत असायला हवे होते. तुला आठवत असेल, गेल्या वर्षी २५ मेलाच पाऊस तळकोकणात उतरला. मागीलदारी उन्हात रचलेल्या सागाच्या फळ्या घाईघाईने आत घेतल्या. वखारवाला म्हणाला होता सुकं आहे, पण ओलाव्याच्या मीटरवर आकडा एकोणीस. मला तेरा-चौदाच्या आत हवा होता. इंचभर जाडीला सुकायला एक वर्ष हा मिस्त्रींचा हिशोब आपण पाठ केलेला. तेवढा वेळ कुठून आणणार? मग दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून पंख्याखाली रचल्या, आणि एक तुकडा दर तीन दिवसांनी वाण्याच्या काट्यावर तोलायचो. वजन उतरायचं थांबलं तेव्हा कुठे रंधा लावला. रंधल्यावर फळी पुन्हा आपली चाल दाखवते, म्हणून आणखी पाच दिवस ठेवून परत सरळ केली. टेबलाचा माथा बेचाळीस इंच रुंद. एवढ्या रुंदीचं लाकूड पावसाळा ते उन्हाळा पाव इंच तर सहज हलतं. खाली लांबट भोकं पाडून स्क्रू बसवले, माथ्याला हलायला जागा ठेवली. ते काम बघायला तू हवा होतास. चिकटवताना आवळायचे शिकंजे सहाच, त्यामुळे माथा एकदम चिकटवता येईना. दोन-दोन फळ्या, मग एक रात्र थांबायचं.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. २४ ऑगस्टला टेबल आणि तीन खुर्च्या तयार होत्या, चौथी पॉलिशला उभी. बाहेर धो-धो. अशा हवेत मेलामाइन पॉलिश मारायचं नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी मारलं. सकाळी खुर्चीवर पांढरी साय आलेली. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून, पाच दिवस तिचेच गेले. पाचव्या खुर्चीसाठी मी जो वेळ वाचवायला निघालो होतो, तोच घालवला.

टेबल आणि तीन खुर्च्या २६ तारखेला पोचवल्या. गौरीपूजनाच्या दिवशी, १ सप्टेंबरला, मला जेवायला बोलावलं होतं. गेलो. म्हातारे एकटे एका खुर्चीवर, समोर आठ माणसांचं टेबल, आणि बाकी सगळं घर खाली पंगतीत. त्यांना एकट्याला वर बसवत नव्हतं, ते सारखे खाली बघत होते. निघताना त्यांच्या मुलाने मला अंगणात गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण तुम्ही मला तारीख का दिलीत? नव्वद दिवस म्हणाला असतात तर मी मार्चमध्ये आलो असतो."

बाळ्या, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. २०१४ च्या पावसात, देव्हाऱ्याच्या वेळी, तू बोलला होतास. तू गिऱ्हाइकाला तेहतीस सांगणार होतास, मी मधे पडून पंधरा सांगितले, कारण तेहतीस ऐकलं तर माणूस दुसरीकडे जाईल ही भीती. चार रात्री तू बसलास. त्या घाईत दाराच्या चौकटीतला दिलहा, म्हणजे मधली फळी, मी सरस लावून बसवला. खाचेत मोकळा ठेवायला हवा होता. मार्गशीर्षात हवा कोरडी झाली आणि तो मधोमध तडकला. गिऱ्हाईक तुला बोललं. मी तिथेच उभा होतो, गप्प राहिलो. सरस मी लावला होता हे मी आजवर बोललो नाही. तू ते जाणून होतास आणि तूही बोलला नाहीस, त्याचाच मला जास्त त्रास होतो. पुढच्या महिन्यात तू चाकणला गेलास. लोकांना मी सांगत आलो की पगारासाठी गेला.

(मिस्त्रींची पटाशी कोणाची, या भांडणात मात्र मी अजून माघार घेतलेली नाही. ती माझीच.)

आता आजचा पेच. एका मुलीच्या लग्नाचा पलंग आणि दोन दारांचं कपाट आलंय, पुन्हा सागवान. लग्न अक्षय्य तृतीयेचं, १९ एप्रिल. परवा २० तारखेपासून धरले तर एकोणनव्वद दिवस हातात. पलंगाचे सांधे चोवीस, कपाटाचे चव्वेचाळीस, त्यात तीन खणांचे बारा कोपरे डवटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या सांध्याचे, एका कोपऱ्याला दीड तास. हाताचे दिवस पन्नास. मग तुझ्या रकान्याप्रमाणे लाकूड, सरस, पॉलिशचे तेवीस, लोकांच्या कामांचे बारा, शिमग्याचे सहा, लाइटचे दोन. एकूण त्र्याण्णव.

चार दिवसांनी हुकतं.

आणि मन म्हणतं, चार दिवस काय, रात्री बसून काढू. तेच मन, त्याच सुरात. मुलीच्या काकांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय आणि बाजारातलं तयार कपाट त्यांना एका दिवसात घरपोच मिळतं. मला वाटतंय की सांगावं, पलंग लग्नाला देतो, कपाट मिरगाच्या आधी देतो. पण फोन हातात घेतला की तोंडातून "होईल" निघेल, याची भीती वाटते. तुझ्या कारखान्यात प्रत्येक सुट्या भागाला मिनिटं लावलेली असतात असं तू म्हणाला होतास. पण तुमचा बोर्ड फुगत नाही, वाकत नाही. तरी आकडे तपास. तेवीस कमी आहेत का? आणि फळीवर कठड्यासमोर हात ८, दार १९ आहे, चौकटींना मात्र हात ४, दार ६. चौकटी आपण शेकड्याने केल्या, कठडा पहिलाच, म्हणून एवढा फरक का? असं कपाट मी पहिल्यांदा करतोय, म्हणून विचारतो. त्या वेळी तू कसं धरायचास ते लिही.

वहिनींना नमस्कार. छोटीची दहावी यंदा ना? तिला सांग, काका टेबल करून देणार होता ते विसरलेला नाही. तुझी बदली रात्रपाळीतून दिवसा झाली का, तेही कळव.

फळी फडताळाला वापरली नाही. परत दारामागे लावली आहे, खाली जागा शिल्लक आहे. सोमवारच्या आत फोन कर, या वेळी उचलतो.

तुझा,
भाई