काका, त्या एका रेघेसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितेय. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ती दोरी धरा जरा" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता चारचौघांत लिहितोय, बदला विषय.

आधी बोटीचं सुकाणू दुरुस्त करायला ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांचा राग अजून गेलेला नाही, तो काढून टाकतो. मी सगळ्यांना एकच सांगत होतो की टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, मधोमध धरला तरी बोट एका बाजूला निघते, आणि वारा वाढल्यावर टिलरला जोर लावला की क्षणभर पोकळच जाणवतं, मग कुठेतरी जाऊन पकडतं. एक म्हणाला जुनी बोट आहे, एवढं चालायचंच. दुसरा म्हणाला तुम्ही शीड फार ताणता, म्हणजे बोट ठीक, हात वाईट. तिसऱ्याने सुकाणूवरच्या भेगेत पुट्टी भरली, वर मस्त रंग मारला, पैसे घेतले, आणि पुढच्या जोराच्या वाऱ्यात परत तेच. दुखणं आत आणि मलम रंगाला. एकालाही टिलर हातात घेऊन बघावंसं वाटलं नाही हो.

तुम्ही बोट किती जुनी विचारलंच नाही. "हाताला काय जाणवतं ते सांगा" म्हणालात आणि मी बोलेपर्यंत मधे तोंड घातलं नाही, इतक्या वेळानंतर कुणी पूर्ण ऐकून घेतंय म्हणून मीच जरा वाहवलो बहुतेक. मग टिलर दोरीने घट्ट बांधलात, खाली जाऊन सुकाणूच्या पात्याची मागची कड दोन्ही हातांनी ढकललीत. वर टिलर जागचा हलला नाही आणि खाली पातं हलणाऱ्या दातासारखं डुललं. "तुमचं बरोबर होतं," एवढंच बोललात.

पात्याला खालून भोक पाडल्यावर जे तपकिरी, कुबट पाणी गळायला लागलं ते थांबेचना. तेव्हा तुम्ही सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलंय. टिलरकडून येणारा स्टीलचा शाफ्ट वरून पात्यात शिरतो तिथली फट कितीही बुजवा, स्टील आणि फायबर ऊन-थंडीत सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कधीतरी ती उघडतेच आणि पाणी आतल्या फोममध्ये मुरतं. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा जो पातळ थर असतो तो टिकायला ऑक्सिजन लागतो, आणि कोंडलेल्या पाण्यात तोच नसतो, म्हणून ३१६ सारखं चांगलं स्टीलसुद्धा आत खड्डे पडून खाल्लं जातं. शाफ्ट बाहेरून चकचकीत, आणि पातं उघडलं तर शाफ्टला पात्याशी धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्टीचं वेल्डिंग असं संपलेलं की पट्टी हातानेच निघून आली. मी याच्या भरवशावर पाण्यात जात होतो!

पुढचं वेल्डिंग, नवा फोम, इपॉक्सीचे थर वगैरे लिहीत बसत नाही. फक्त एक सांगतो, मी घाई करत होतो आणि तुम्ही पातं पूर्ण सुकल्याशिवाय बंद करायला साफ नकार दिलात. तेव्हा वैतागलो होतो, खरं सांगतो.

पण खरं पत्र कशासाठी लिहितोय तर ते शेवटचं. काम झालं, हिशेब झाला, मी सामान आवरत होतो, आणि तुम्ही खिळा घेऊन परत बोटीखाली गेलात. शाफ्टवरून पात्याच्या माथ्यापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढलीत, त्यात लाल रंग भरलात, वरचा जास्तीचा बोटाने पुसून घेतलात. म्हणालात, "पाण्यात उतरवायच्या आधी ही बघायची. सलग दिसली तर जा. शाफ्टवरची इकडे आणि पात्यावरची तिकडे दिसली तर माझं काम फसलं, बोट घेऊन थेट माझ्याकडे यायचं."

हे कुणी मागितलं नव्हतं, बिलात नव्हतं. बाकीच्यांनी बिघाड रंगाखाली झाकला आणि तुम्ही रंगाने स्वतःचं काम कसं तपासायचं ते गिऱ्हाईकाच्या हातात दिलंत. आपली चूक पकडायची सोय आपणच करून देणारी माणसं किती भेटतात सांगा? डॉक्टर असो, मेकॅनिक असो, "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणणारे पायलीचे पन्नास, "मला तपासा" म्हणणारा मला तरी आत्ता भेटला. आणि तेसुद्धा काही मोठं केल्याचा आव न आणता, हात पुसत पुसत.

घरचे आता विचारत नाहीत की सुकाणू ठीक आहे ना, ते सरळ विचारतात रेघ बघितलीस का.

आणि हो, शाफ्ट ज्यात फिरतो ते नायलॉनचे बुश पाण्याने फुगून टिलर जड होतो, डेलरिनचे (पाण्याने फारसं न फुगणारं प्लास्टिक) बसवू म्हणाला होतात ना, ते काम तुमच्याकडेच घेऊन येतोय. या वेळी पैसे नीट सांगा मात्र, मागच्यासारखं "बघू हो" चालणार नाही.