चष्मा काढल्यावर केलेल्या सह्या

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर तू चिडलास आणि मग मीही चिडलो. तू फोन आपटलास असं म्हणत नाही, हल्लीचे फोन आपटता येत नाहीत; पण "चल, ओपीडी आहे" हे ज्या सुरात आलं तो सूर मी कॉलेजपासून ओळखतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच तोडतोस. पत्रात तोडता येत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी हा उद्योग.

तुझं म्हणणं असं की आम्ही वकिलांनी तुम्हाला कारकून करून टाकलं. पेशंट बघायचा की संमतीचे फॉर्म भरत बसायचं? आणि त्यावर तो टोमणा: "उद्या दहा हजारांत एकाला होणारी भानगडही सांगत बसू का?"

त्या आकड्यावर येणारच आहे. आधी एक कबुली देतो, फोनवर जीभ रेटली नाही.

मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं हे तुला माहीत आहे. त्या रुग्णालयाचं संमतिपत्रक मी लिहिलेलं आहे, हे माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून मसुदा करून घेतला होता. बारा कलमं, तीन सह्या, साक्षीदाराला वेगळी जागा. तेव्हा मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी तो पाठीमागून उघडा गाऊन घालून पडलेलो. घड्याळ, अंगठी, चष्मा असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात दिलेलं. माझा नंबर उणे सहा. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं आणि बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन आली. "काका, इथे, इथे आणि इथे." ती बोट ठेवत गेली, मी सही करत गेलो. बोट दिसत होतं. कागद म्हणजे नुसता पांढरा धूर. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा डोक्यात उजेड पडला की दुसरी सही होती ती सातव्या कलमाखाली. 'वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आला आहे.' त्यातल्या 'असून'वर मी सहा वर्षांपूर्वी बराच वेळ घालवला होता.

ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, सर्जनबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण पडल्यापडल्या एकच विचार डोक्यात घोळत राहिला. ते पत्रक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उलटतपासणी होती, साक्षीदाराचा पिंजरा होता, न्यायाधीश होते. स्ट्रेचरवरचा माणूस एकदाही आला नाही.

आता तुझा आकडा. तू उगाच बोलून गेलास, पण जवळजवळ त्याच आकड्यावर एक खटला होऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियातला, रॉजर्स विरुद्ध व्हिटकर. त्यातला धोका होता चौदा हजारांत एक.

व्हिटकर बाई नऊ वर्षांच्या असताना उजव्या डोळ्याला लाकडी काठी लागली आणि तो डोळा जवळजवळ गेला. डाव्या डोळ्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली, संसार केला. पन्नाशी जवळ आल्यावर एका नेत्रतज्ज्ञाने सांगितलं, ऑपरेशन केलं तर उजवा डोळा दिसायला बरा होईल आणि थोडीफार दृष्टीही येईल. बाई तयार झाल्या, पण प्रश्न विचारून विचारून त्यांनी डॉक्टरला भंडावून सोडलं. त्यांची सगळी भीती चांगल्या डोळ्याची होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तर त्यांनी विचारलं, चांगल्या डोळ्यावर काहीतरी झाकण लावता येईल का? रुग्णालयाच्या कागदांत तशी नोंदसुद्धा आहे, की चुकून भलत्याच डोळ्याचं ऑपरेशन होईल अशी रुग्णाला धास्ती वाटते.

ऑपरेशन बिनचूक झालं. सुधीर, हे लक्षात घे, हातात काही चूक नव्हती. पण एका डोळ्याला छेद दिला की क्वचित दुसरा डोळा त्याच्या दुःखात सहभागी होतो. सिंपथेटिक ऑफ्थाल्मिया, तुला मी काय सांगणार. डावा डोळा गेला. उजवा सुधारला नव्हताच. बाई जवळपास पूर्ण आंधळ्या झाल्या.

डॉक्टरांचा बचाव तू करतोस तोच होता. धोका नगण्य, आणि बाईंनी नेमका हा धोका विचारला नव्हता. तो बोलून दाखवावा असं मनात आलंच नाही, असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. आमच्यासारखे बरेच डॉक्टर हे सांगत नाहीत, अशी साक्ष द्यायला तज्ज्ञही उभे राहिले. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. चौदा हजारांतला एक हा आकडा तुमच्या वहीतला. ज्या बाईकडे एकच डोळा आहे आणि जी आदल्या दिवशी त्यावर झाकण मागते, तिच्या वहीत तो आकडा किती मोठा?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सगळ्यांना सगळं सांगू नकोस. समोरचा झाकण मागत असेल तर त्याला सांग.

तुला प्रिय असलेला नियम मला पाठ आहे. १९५७, इंग्लंडमधला बोलामचा खटला. विजेचे झटके देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं नाही, माणसाची कंबरेची हाडं मोडली, धोका आधी सांगितला नव्हता, आणि तो खटला हरला. जबाबदार डॉक्टरांचा एक गट जे करतो ते डॉक्टरने केलं असेल तर तो दोषी नाही. उपचारापुरतं हे मला आजही पटतं. गॉल ब्लॅडर कुठून कापायचं हे न्यायाधीशांनी ठरवू नये. पण काय सांगायचं हेही डॉक्टरांच्याच गटाने ठरवायचं म्हटलं, तर सगळ्यांनी मिळून गप्प बसणं हीच वैद्यकीय प्रथा होते आणि प्रथा हाच बचाव.

इंग्लंड-स्कॉटलंडला तिथून बाहेर पडायला २०१५ उजाडलं. माँटगोमेरी बाईंना मधुमेह, उंची पाच फुटांहून जेमतेम जास्त, बाळ मोठं. अशा आईच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के. बाईंनी बाळाच्या आकाराची काळजी बोलून दाखवली होती, पण डॉक्टरांनी हा धोका सांगितला नाही. का? तर सांगितला असता तर प्रत्येक बाई सिझेरियन मागेल. खांदा अडकला, बारा मिनिटं गेली, मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली. मला त्या साक्षीतली गोष्ट खटकते ती हीच. सांगितल्यावर ती वेगळं ठरवेल हे ठाऊक होतं, आणि तेच न सांगण्याचं कारण झालं.

त्याच निकालात एक परिच्छेद आहे, तो मात्र तुझ्या बाजूचा. रुग्णाला न कळणाऱ्या तांत्रिक माहितीचा भडिमार करून डॉक्टरचं कर्तव्य पुरं होत नाही, आणि फॉर्मवर सही घेऊन तर नाहीच नाही. मी बारा कलमांचा मसुदा केला तेव्हा हा परिच्छेद वाचलेला होता. तरी केला. अशिलाला जाड कागद हवा असतो आणि मलाही फी जाड कागदाचीच मिळते.

तेव्हा कारकुनीचा आरोप अर्धा मान्य. अर्धाच, कारण कागद कुणाचाही असो, बोलायचं तुलाच आहे. आणि दोन हजार गोष्टी सांगायला कुणी म्हणतही नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्या त्याच न्यायालयाने मॅककलक खटल्यात तुमच्या लोकांना दिलासा दिला: कुठले पर्यायी उपचार वाजवी आहेत ते डॉक्टरने आपल्या विद्येनुसार ठरवावं, आणि जे वाजवी ठरतील ते रुग्णापुढे ठेवावेत. भारतातला २००८ चा समीरा कोहली निकाल तर, रुग्णाला महत्त्वाचं वाटेल ते सांगाच, या अमेरिकी मापाइतका कडकही नाही. तिथे भांडण वेगळंच होतं. तपासणीपुरती भूल दिलेली, गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले, आणि संमती कुणाची, तर बाहेर बसलेल्या आईची! चव्वेचाळीस वर्षांची बाई थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती. जिवाला तातडीचा धोका नव्हता. थांबून विचारता आलं असतं.

(आम्ही वकील ज्याची जपमाळ ओढतो ते वाक्य १९१४ मधल्या न्यूयॉर्कच्या श्लोएंडॉर्फ खटल्यातलं: सज्ञान, शहाण्या माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क आहे. त्या बाईंनाही तपासणीच्या नावाखाली भूल देऊन गाठ काढली होती. रुग्णालय धर्मादाय होतं म्हणून बाई खटला हरल्या. वाक्य आमच्या पदरात पडलं, त्यांच्या पदरात काही नाही.)

तुझा दुसरा मुद्दा जास्त भक्कम होता आणि त्यावर मी फोनवर गडबडलो. "साथ आली की कुठे जाते रे तुमची संमती?"

जाते, काही प्रमाणात. १९०५ चा जेकबसन खटला बघ. मॅसॅच्युसेट्समध्ये देवीची साथ, लस सक्तीची, आणि एक पाद्री नाही म्हणतो, कारण लहानपणी लशीने त्याला फार त्रास झाला होता. दंड ५ डॉलर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दंड कायम केला, कारण एकाच्या अंगातला रोग शेजाऱ्याच्या घरात जातो. इथवर मी तुझ्या बाजूने आहे. पण हे बघ की शिक्षा दंडाची होती. धरून सुई टोचायची परवानगी कुणी मागितली नव्हती. आणि ज्याची प्रकृतीच लस सोसणारी नाही त्याच्यावर सक्ती करणं क्रूरपणा होईल, असंही त्याच निकालात म्हटलं आहे.

पुढे बावीस वर्षांनी व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला त्याच न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा आधार कुठला घेतला? जेकबसनचा. लसीकरणाच्या सक्तीला उचलून धरणारं तत्त्व गर्भनलिका कापण्याइतकं रुंद आहे, असं न्यायाधीश होम्स यांनी लिहिलं. आठ विरुद्ध एक. ५ डॉलरचा दंड कुठे जाऊन पोचला बघ. म्हणून साथीच्या कायद्यात मी आधी हे बघतो की नाही म्हणणाऱ्याचं नेमकं काय जातं: पैसे जातात, शाळेतली जागा जाते, की शरीरावरचा ताबा. लस न दिलेल्या मुलांना बालवाडीत न घेणं २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने चेक देशाच्या बाबतीत मान्य केलं. २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबद्दल सांगितलं की बळजबरीने लस टोचता येणार नाही, मात्र समाजाच्या हितासाठी सरकार प्रमाणशीर बंधनं घालू शकतं. मला दोन्ही ठीक वाटतात.

आणि हो, तू पाठवलेला तो फॉरवर्ड. जागतिक आरोग्य संघटना आता देशोदेशी लस आणि टाळेबंदी लादणार म्हणे! मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महासाथ करारात नेमकं उलट लिहिलंय: लशीची सक्ती किंवा टाळेबंदी करा असा हुकूम कुठल्याही देशाला देण्याचा अधिकार या करारातून संघटनेला मिळत नाही. डॉक्टर माणसाने असले मेसेज पुढे ढकलू नयेत. वहिनींनीही तोच पाठवला होता, त्यांना मी काही बोललो नाही.

अजून एक, मग आवरतो. तुमच्याकडे एक्स-रे वाचायला संगणक बसवलाय म्हणालास. ज्यांच्या फिल्मवर तो शिकला त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तुझ्या दारात येणार आहे. कॅलिफोर्नियातल्या मूर नावाच्या माणसाची प्लीहा रक्ताच्या कर्करोगामुळे काढली, पुढे सात वर्षं तो दुसऱ्या राज्यातून विमानाने येऊन रक्ताचे नमुने देत राहिला, आणि इकडे डॉक्टरने त्याच्या पेशींवर पेटंट काढलं. १९९० मध्ये न्यायालय म्हणालं, पेशी मूरच्या मालकीच्या नाहीत, पण त्यात आपला आर्थिक फायदा आहे हे डॉक्टरने सांगायला हवं होतं. तुमच्या संगणकाच्या कंपनीचा करार मला एकदा दाखव.

सोबत दोन पानं जोडतोय. माझं जुनं बारा कलमी पत्रक मी मोडलं. नव्यात सातवं कलम नाही. त्या जागी कोऱ्या ओळी आहेत आणि वर एकच प्रश्न: तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? रुग्णाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं, आणि खाली डॉक्टरने त्यावर काय सांगितलं ते लिहायचं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, हे छापलं तर पेशंट लिहीतच बसतील." सध्या ते माझ्या खणात आहे. तू लाल पेन घेऊन बस आणि जिथे मूर्खपणा वाटेल तिथे काट मार. रागावूनच मार, हरकत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनायक

ता. क. टाके दाखवायला गेलो तेव्हा ती क्लिपबोर्डवाली मुलगी भेटली. तिला म्हटलं, बाळ, चष्मा काढायच्या आधी फॉर्म आणत जा. ती म्हणाली, "काका, चष्मा हरवला तर आमच्यावर येतं ना. म्हणून तो काढून दिल्याची सही आम्ही आधीच घेतो." घरी येऊन फाइल बघितली. खरंच आहे. नीट वाचून, चष्मा लावून केलेली माझी सही त्या कागदावर आहे.