गुणपत्रिकेतील ‘अनुपस्थित’ या शेऱ्याबद्दल उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

काल माझा निकाल लागला. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अंतिम सत्रातील एका विषयापुढे गुणांच्या जागी ‘अनुपस्थित’ असा शेरा आहे. त्या ऑनलाइन परीक्षेला मी अर्धा तास आधीच लॉगिन करून बसले होते. ६० पैकी ३१ प्रश्न सोडवून झाले असताना नेटवर्क गेले, ॲपने मला बाहेर काढले आणि पुन्हा आत गेले तेव्हा वेळ संपल्याचा संदेश दाखवला. मदत क्रमांक शेवटपर्यंत व्यग्र होता. तांत्रिक अडचणीमुळे एकाही विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही, असे आश्वासन कोरोनाच्या महासाथीमुळे विद्यापीठे बंद करताना आपण दिले होते. त्या शब्दावर विसंबून मी त्याच दिवशी परीक्षा विभागाला ईमेल केला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ‘अनुत्तीर्ण’ असे लिहिले असते, तर मी माझ्या अभ्यासाला दोष दिला असता. पण मी तिथे नव्हतेच, असे विद्यापीठाने लिहून दिले आहे आणि ते खोटे आहे.

आमच्या घरात एकच स्मार्टफोन आहे. धाकट्या भावाचा वर्ग आणि माझे व्याख्यान एकाच वेळी असे, त्यामुळे फोन त्याच्या हाती असला की माझी गैरहजेरी लागे, कारण हजेरी लॉगिनच्या नोंदीवरून घेतली जात होती. तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला १ जीबीच्या आसपास डेटा लागतो. तेच व्याख्यान ध्वनिमुद्रित करून टिपणांसह पाठवले असते, तर काही एमबींत भागले असते आणि ते मला रात्री, फोन मोकळा झाल्यावर, ऐकता आले असते. ही सूचना आम्ही लेखी दिली होती. थेट वर्गाशिवाय हजेरी सिद्ध होत नाही, एवढेच उत्तर मिळाले. शिक्षकांविषयी माझी तक्रार नाही. समोरच्या काळ्या चौकोनांना दर दहा मिनिटांनी ‘आवाज येतोय का?’ असे विचारत शिकवणाऱ्या माणसाची अगतिकता मी ऐकली आहे.

प्रात्यक्षिकांचे काय झाले, हे आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले असेल असे वाटत नाही. अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजताना, ब्युरेट या मापननळीची तोटी किती फिरवायची, शेवटचा अर्धा थेंब काचेच्या कडेवरून कसा उतरवायचा, हे हाताला शिकावे लागते. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा जो अगदी फिका गुलाबी रंग दिसताच थांबायचे असते, तो मंद नेटवर्कवरच्या अस्पष्ट चित्रात दिसतही नव्हता. आम्हाला वाचनांचा तक्ता तयार मिळाला आणि आम्ही तो वहीत उतरवला. या प्रात्यक्षिकाला मला पैकीच्या पैकी गुण आहेत. जे मी केलेच नाही, त्याचे पूर्ण गुण आणि जिथे मी हजर होते, तिथे अनुपस्थिती, अशी ही गुणपत्रिका घेऊन मी नोकरी मागायला जाणार आहे.

हे माझ्या एकटीचे दुर्दैव आहे, असे समजू नये. वर्ग बंद पडलेल्या जगभरातील विद्यार्थ्यांपैकी ८२ कोटी ६० लाख जणांच्या घरी संगणक नाही आणि ७० कोटी ६० लाखांच्या घरी इंटरनेट नाही, असे युनेस्कोने २०२०च्या एप्रिलमध्येच सांगितले होते. या आकड्यांत शाळकरी मुलेही आहेत, तरी आपल्या विभागाला जागे करायला ते पुरेसे होते. दूरस्थ शिक्षण काही काल जन्माला आलेले नाही. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९७१पासून टपालाने पाठवलेले छापील साहित्य, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्या आधारे शिकवत आले. तो अनुभव हाताशी असताना आपण वर्गाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवले. ज्यांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र संगणक आणि अखंड वीज आहे, त्यांनी ते ठरवले. आम्हाला विचारले गेले नाही, कारण या व्यवस्थेला विद्यार्थी काय शिकला यापेक्षा परीक्षा झाली, हजेरी भरली, सत्र वेळेत संपले, हे कागदावर दिसणे महत्त्वाचे वाटते. महासाथीच्या आधीही हेच होते. तेव्हा निदान प्रयोगशाळेचे दार उघडे असायचे.

माझी मागणी एवढीच आहे की, लॉगिन करूनही बाहेर फेकल्या गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा ‘अनुपस्थित’ हा शेरा रद्द करून त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि प्रयोगशाळा उघडताच आमच्या तुकडीला राहिलेली प्रात्यक्षिके प्रत्यक्ष करू द्यावीत. परीक्षेच्या सर्व्हरवर माझ्या ३१ उत्तरांची नोंद असेलच. वेळ संपल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तो कोणत्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा, हे कृपया लेखी कळवावे.

आपली,
पदव्युत्तर अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी