शिक्के मारायला देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुम्हाला आम्ही आठवणारही नाही, जिल्हा रुग्णालयात रोज शेकड्यांनी माणसं येतात. पण बाकावरून तीनदा उडी मारून आणि खिडकीवरच्या काकांचा ओरडा खाऊन झालेला नऊ वर्षांचा मुलगा आठवतोय का? तो माझा. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही.

पहाटेची एसटी धरून आलो होतो आणि नंबर यायला अजून तास-दीड तास होता. आजूबाजूच्या बायकांची ती 'आईला पोर आवरत नाही' वाली नजर मला आता पाठ झालीये. मी त्याचा दंड धरून बसले होते, खरं सांगायचं तर चिमटा काढून बसवलं होतं. तुम्ही आलात, मला काहीच बोलला नाहीत, त्यालाच म्हणालात, "हात मोकळेयत ना रे? चल, मला शिक्के मारून दे." कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा, तारखेचा शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड. वीस मिनिटं, सिस्टर. एका पायावर नाचत का होईना, पण वीस मिनिटं एका जागी. चार-पाच उलटे पडले ते तुम्ही गुपचूप गठ्ठ्याच्या खाली सरकवलेत, मी बघितलं. मग मी नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथेच रडले.

कारण त्याला आजवर सगळ्यांनी 'गप बस' एवढंच सांगितलंय, काम कुणीच दिलं नव्हतं. शाळेने आधी शेवटचा बाक दिला, मग वर्गाबाहेरची पायरी, मग म्हणे दाखला काढून न्या. दिव्यांग प्रमाणपत्राच्या एका शिबिरात टेबलावरचे साहेब हसून म्हणाले, "याला काय धाड भरलीय, धडधाकट तर आहे." नंतर कळलं की 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नावच नाही. म्हणजे साहेब नियमाने बरोबरही असतील, पण हसायचं काय होतं त्यात? आणि गंमत बघा, 2013 पासून शाळेत येऊन मुलं तपासायची जी सरकारी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजना आहे तिच्या यादीत मात्र एडीएचडी आहे! दरवर्षी शाळेत ती गाडी यायची, वजन-उंची, दात, डोळे बघून जायची. वर्गाबाहेर पायरीवर बसलेलं पोर कुणालाच दिसलं नाही.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीवरची गोळी लिहून दिली. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, एवढी कटकट नको म्हणून आमच्या तालुक्यातला एकही मेडिकलवाला ती गोळी ठेवत नाही. पोरासाठी येऊ तेवढ्या चकरा मारू हो, पण ज्या आईचा रोज बुडतो तिने काय करायचं? ही गोळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवी, कायद्याच्या यादीत नाव यायला हवं, मास्तरांना दोन दिवसांचं का होईना ट्रेनिंग हवं. हे तुमच्या हातात नाही माहितीये, पण तुमच्याशी बोलताना लाज वाटत नाही म्हणून बोलतेय. चांगली माणसं असतात हो सरकारी दवाखान्यात, आपण नुसतं लाईनला शिव्या घालतो.

शाईचं बोट त्याने दोन दिवस धुऊ दिलं नाही, मतदान करून आल्यासारखं सगळ्या गल्लीला दाखवून झालं. पुढच्या महिन्यात परत येतोय. तुमची सकाळची ड्यूटी असू दे म्हणजे झालं, आणि नसलीच तर शिक्का कुठे ठेवता ते तेवढं दुसऱ्या सिस्टरना सांगून ठेवा.