झडतीला निघण्याआधी कागद पुरा कर

चि. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

शिरपूरच्या पोलीस ठाण्यात हजर झालीस, आता झडतीची पाळी केव्हाही येईल. घरात शिरायला वर्दी पुरते, पण कोर्टात विचारतात ते वेगळेच: उंबरा ओलांडण्याआधी काय लिहिले होतेस?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 185 पुन्हा वाच. वॉरंट आणेपर्यंत वस्तू हातची जाईल असे का वाटते, ती कारणे आणि शोधायची वस्तू आधी लिहायची, नंतर निघायचे. ‘गोपनीय बातमी मिळाली’ एवढ्यावर भागत नाही. गुन्हा कोणता, वस्तू कोणती, त्याच घरात का आणि आत्ताच का, हे सगळे हवे. त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे, आणि घरमालकाने अर्ज केला तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून त्यालाही ती विनामूल्य मिळते. 1 जुलै 2024 पासून कलम 105 प्रमाणे चित्रीकरणही आले. वस्तू सापडल्यावर मोबाइल काढायचा, ही चूक सर्रास होते. दार वाजवतानाच सुरू कर आणि यादीवर पंचांच्या सह्या होईपर्यंत थांबवू नकोस. मधेच तुटलेले चित्रण म्हणजे बचावाच्या वकिलाला उलटतपासाचे आयते साहित्य. पंचही त्या वस्तीतलेच घे. प्रत्येक पंचनाम्यावर तीच दोन नावे दिसली की न्यायाधीशांचा विश्वास उडतो.

बेकायदा झडतीतला पुरावाही चालतो, असे जुने लोक सांगतील. पूरणमल खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे, हे खरे. त्यावर विसंबून राहू नकोस. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हापासून कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरतीच ढवळाढवळ, या तिन्ही कसोट्या लागतात. चोरीची पाण्याची मोटार शोधायला गेलीस तर कपाटातली पत्रे चाळायचे काही कारण नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या केसमध्ये तर चुकीला क्षमाच नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पिकाच्या आड गांजा लावतात, त्यामुळे हे काम तुला चुकणार नाही. बंद जागेची खबर आली तर कलम 42 प्रमाणे ती लेखी उतरवून 72 तासांत वरिष्ठांना पाठव. अंगझडती असेल तर कलम 50: राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी असे म्हणण्याचा हक्क त्या माणसाला आहे, हे त्याला आधी सांगायचे. जाडेजा खटल्यात 2010 साली घटनापीठाने हे बंधनकारक ठरवले. परमानंद खटला (2014) तर पाठच कर. तिथे दोघांना मिळून एकच नोटीस दिली, सही एकाचीच घेतली, वर छाप्यात सामील असलेल्या अधिकाऱ्यासमोर झडतीचा तिसरा पर्यायही पुढे केला. आरोपी सुटले. प्रत्येकाला वेगळी नोटीस, वेगळी सही, पर्याय दोनच. नुसती पिशवी तपासायची असेल तर कलम 50 लागत नाही, पण खिसेही चाचपणार असशील तर हक्क आधीच सांगून मोकळी हो.

ही नोटीस मराठीत छापलेली असते आणि समोरचा पावरी किंवा अहिराणी बोलणारा असतो. त्याला त्याच्या बोलीत समजावून सांग आणि कोणी समजावले त्याचे नाव पंचनाम्यात घे. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे ठोकळेबाज वाक्य अशा वेळी टिकत नाही, आणि टिकूही नये. न समजलेला हक्क सांगितला काय, न सांगितला काय, सारखेच.

मोबाइलचे जास्त जप. नाकाबंदीत दिसेल त्याचा फोन उघडून चॅट पाहण्याचा अधिकार कुठल्याच कलमात नाही. तुझ्या माणसांनाही ते करू देऊ नकोस. गुन्ह्यात फोन जप्त करायचाच असेल तर मेक, रंग, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) आणि सिमकार्ड पंचनाम्यात लिही, फोन चालू असल्यास एरोप्लेन मोडवर टाक, मग पाकिटात घालून पंचांच्या सह्यांसह लाखेचे सील कर. आत काय आहे ते स्वतः चाळत बसू नकोस. नुसते उघडून पाहिल्यानेही नोंदींच्या वेळा बदलतात आणि पुरावा नंतर घुसडला असे म्हणायला जागा होते. प्रत काढली तर तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे प्रतीत नंतर बदल झाला तर ओळखू येणारा सांकेतिक क्रमांक, लिहून ठेव, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ती मागतात. पासवर्डसाठी दमदाटी नको. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही, हे अनुच्छेद 20(3) आहे, आणि 2010 च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणीची सक्ती त्याच आधारावर नाकारली.

जप्त केलेली वाहने ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नकोस. सुंदरभाई देसाई खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले आहे. फोटो काढ, सविस्तर पंचनामा कर, आणि मालकाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, वाहन मागितले की कोर्टाला तुझा अहवाल लगेच पाठव. कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्याचा ट्रॅक्टर महिनाभर अडकला तर त्याचा हंगाम बुडतो, मग केस सुटो वा लागो.

तुझी,
आई
धुळे