विम्याचं तेवढं बघ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू आपटलास की मी, यावर घरात अजून एकमत नाही. असो. शाळेतली नोकरी सोडलीस, सोडलीस. ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायला बोलावलंय, ही काय लहान गोष्ट आहे? बेबीआत्याला मीच फोन करून सांगितलं. फक्त तुझा दमा, बॉस्टनची थंडी आणि नोकरीबरोबर गेलेला विमा, एवढं कुणीतरी बोलायला हवं ना.

तू सारखं त्या अमेरिकन संगीतकाराचं, गुंथर शुलर, शुलर करतेस म्हणून मीही वाचलं. पठ्ठ्या १९४५ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात फ्रेंच हॉर्न वाजवायचा. पगारी नोकरी! ती सांभाळून १९५० मध्ये जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला वाजवून आला. १९५७ मध्ये तुमच्याच भागात, ब्रँडाइस विद्यापीठात, जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय मिळून तिसरा प्रवाह होईल असं सांगितलं. तरी नोकरी चालूच. तू म्हणशील, बाबा, १९५९ ला सोडली की, आणि लिहायलाच सोडली. माहीत आहे. पण त्याचे वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिनवर होते. तुझे बेस्टच्या हिशेब खात्यात.

त्याच वर्षीच्या त्या पॉल क्लीच्या चित्रांवरच्या सात रचना लावल्या होत्या. निळ्या सैतानाची आली, तो बास असा पावलं टाकत चालायला लागला, आणि आई लाटणं हातात घेऊन बाहेर. म्हणाली, "हे सोनूचं का?" मी नाही म्हटलं, तर म्हणे, "मग तिच्यासारखंच आहे."

पुढे पदवी नसताना तो बॉस्टनच्याच न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाचा अध्यक्ष झाला, तिथे जॅझचा रीतसर अभ्यासक्रम आणला. बायको गेल्यावर तिच्या आठवणीत जे लिहिलं त्याला पुलित्झर मिळालं, १९९४ मध्ये. अडुसष्टाव्या वर्षी! तोवर डॉक्टरची बिलं कुणी भरायची? म्हणून म्हणतो, आठवड्यातून दोन दिवस कुठेतरी शिकवावं, हातात चार पैसे राहतात, माणसाने कसं...

झालं माझं भाषण सुरू. आई ओरडतेय. रागावू नकोस.

तुला पेटी दोन्ही हातांनी वाजवायची असायची, म्हणून भाता मला हलवायला लावायचीस. मी दमलो की सूर बसायचा आणि तू "बाबाऽ" म्हणून डोळे वटारायचीस. आजी म्हणायची, हिला भजनाला बसवा, ताळ्यावर येईल. डाव्या हाताने तू जे काही दाबायचीस ते कुठल्याच रागात बसायचं नाही, पण वाईट कधी लागलं नाही. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं का, कोण जाणे. तुझी आई म्हणते, सांगितलं असतंत तर आणखी लवकर गेली असती.

नानांची सून पुढच्या महिन्यात तिकडे येतेय. पंप किती उरलेत ते कळव, तिच्याबरोबर देतो. कार्यक्रमाची तारीख ठरली की तीही कळव, बेबीआत्या विचारत होती. आणि विम्याचा फॉर्म भरलास की फोन कर. रात्री केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा