पाणी उकळून भागत नाही बेटा

बेटा,

काल फोनवर तू म्हणालीस की बाबा आम्ही पाणी उकळूनच पितो, तुम्ही काहून टेन्शन घेता, मी गप्प बसलो कारण तुझ्या सासूबाई बाजूला होत्या, पण रात्रभर झोप नाही लागली म्हणून लिहितो.

उकळल्यानं जंतू मरतात गं, पण अ‍ॅट्राझिनसारखं तणनाशक उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, औषध भांड्यातच राहते, उलट थोडं घट्टच होते. तुरटीनंही जात नाही. तुमच्या लेआउटला अजून पेंच धरणाचं नळाचं पाणी नाही, सगळं बोअरवर, आणि कंपाउंडला लागूनच मक्याचं वावर. मक्यात अ‍ॅट्राझिन मारतात, ते मातीला घट्ट धरून राहत नाही, पावसासोबत खाली झिरपते आणि एकदा भूजलात गेलं की लवकर तुटत नाही. बेडकांवर अगदी थोड्या मात्रेतही हार्मोनचा घोळ झालेला अभ्यासात दिसलाय. माणसाचं तितकं पक्कं नाही, पण तुला पाचवा महिना आहे, मला पक्कं व्हायची वाट नाही पाहायची. युरोपात पिण्याच्या पाण्यात असं कुठलंही एक औषध लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, अ‍ॅट्राझिन लिटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. फरक तूच पाहा.

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. काटोलच्या संत्र्याच्या बागेत मी कितीतरी वर्षं ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं, जे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं बहुधा कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलं (अमेरिकेचं सरकारी खातं तसं मानत नाही). तुझी आजी ज्या विहिरीचं पाणी प्यायची तिच्याच काठावर मी फवारणीचा पंप धुवायचो. कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण ते पाणी विहिरीत उतरताना मला दिसत होतं ना. आता तण काढायला डवरा आणि निंदणच करतो, मजुरी जास्त लागते, लागू दे.

साध्या टेस्टमध्ये टीडीएस, क्षार, जंतू एवढंच पाहतात, पेस्टिसाइड रेसिड्यूची, म्हणजे फवारणीच्या औषधाचा अंश पाहायची, टेस्ट वेगळी सांगावी लागते, अ‍ॅट्राझिनचं नाव घेऊन. जावईबापूंना म्हणा कार्बन आणि आरओ दोन्ही असलेला फिल्टर बसवा आणि कार्ट्रिज वेळेवर बदला, जुनं झालेलं काही कामाचं नाही.

रविवारी सकाळी येतो. लॅबवाल्याकडून काचेच्या बाटल्या घेऊन येतो, तू बोअर दहा मिनिटं आधी चालू करून ठेव.

तुझे बाबा